मानमोडी ते रेमडेसिविर : वऱ्हाडातील दोन साथी आणि औषधाची निवड

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा मृतांची संख्या, सरकारी हुकूम आणि ओस पडलेल्या गावांची वर्णने यांनाच बहुधा मान मिळतो. औषधाचा इतिहास मागे राहतो. अमुक साथीत अमुक औषध दिले गेले, एवढी नोंद सापडते. तेच का दिले, ते निवडताना वैद्यकाच्या हाती आधीचे कोणते ज्ञान होते आणि त्या ज्ञानाची बूज राखली गेली की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

हे प्रश्न आम्हांस वऱ्हाडाच्या संदर्भात विचारावेसे वाटतात, आणि त्यास कारण आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झात मध्यप्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. पुढे २०२१च्या फेब्रुवारीत कोविडची दुसरी लाट महाराष्ट्रात जेथे प्रथम ठळकपणे दिसली, तो अमरावती-अकोल्याचाच पट्टा होता. एकाच काळ्या मातीवर शंभर वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन साथी. पहिलीच्या वेळी औषध निवडण्याजोगे ज्ञान नव्हते. दुसरीच्या वेळी ते होते, छापून आले होते आणि कोणासही विनामूल्य वाचता येत होते. तरीही निवड फसली. ती कशी फसली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

तापाचे एकच खाते

मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून जातो. अकोला त्या मार्गावरच आहे. अमरावतीस बडनेऱ्याहून फाटा फुटतो. कापसाच्या गाठी या मार्गाने मुंबईस गेल्या आणि १९१८च्या सप्टेंबरात मुंबईत उसळलेली इन्फ्लुएन्झाची दुसरी, प्राणघातक लाट याच मार्गाने देशात आत शिरली. लोकांनी तिला ‘मानमोडी’ असे नाव दिले. शास्त्रीय नावापेक्षा हे नाव अधिक बोलके आहे; ज्याला हा ताप चढे त्यास मान धरवत नसे. त्या वर्षीचा पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सरकारी वैद्यकीय सेवेतील कितीतरी डॉक्टर महायुद्धाच्या आघाड्यांवर होते.

या साथीने हिंदुस्थानात किती बळी घेतले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ साली सुमारे १ कोटी ८५ लाखांचा अंदाज मांडला. सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तो सुमारे १ कोटी ३९ लाखांवर आणला. प्रांतवार हिशेबात मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडचे स्थान अगदी वरचे आहे. दर हजारी साठाहून अधिक माणसे गेली असावीत, असे गणित मांडले गेले आहे. वऱ्हाडाची लोकसंख्या १९११ साली सुमारे साडेतीस लाख होती आणि १९२१ साली जवळजवळ तेवढीच. दहा वर्षांची सारी वाढ पुसली गेली होती.

या आकड्यांत एवढी तफावत का, याचे उत्तर औषधाच्या प्रश्नाशीही निगडित आहे. गावातील मृत्यूची नोंद पाटलाकडे होई. कॉलरा, देवी, प्लेग यांची खाती निराळी होती. उरलेल्या बहुतेकांची बोळवण ‘ताप’ या एकाच खात्यात होई. हिवतापाने गेलेला, विषमज्वराने गेलेला आणि मानमोडीने गेलेला अशा तिघांची नावे एकाच रकान्यात पडत. जेथे रोगच निराळा मोजला जात नाही, तेथे त्यावरचे औषध निराळे कोठून सुचणार?

तापावरचे सरकारी औषध म्हणजे क्विनिन. पोस्टातून त्याच्या पुड्या विकण्याची योजना त्यापूर्वीच अनेक प्रांतांत रुळली होती. या निवडीमागे संशोधन नव्हते असे कोणी म्हणू नये. लाव्हरां यांनी १८८० साली हिवतापाचा परजीवी पाहिला होता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत तो डासाच्या शरीरात शोधला होता. क्विनिन त्या परजीवीस मारते, हे पक्के ज्ञान होते. ते होते मात्र दुसऱ्या रोगाचे. इन्फ्लुएन्झाविषयीचे ज्ञान म्हणून जे समजले जात होते, ते तर चुकीचेच होते. रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली एक जिवाणू या रोगाचे कारण म्हणून जाहीर केला होता आणि १९१८ साली त्या समजावर लसी बनवल्या गेल्या. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. पाश्चात्त्य देशांत त्याच वेळी अ‍ॅस्पिरिनची मात्रा दिवसाला आठ ग्रॅमपासून तीस ग्रॅमपर्यंत सुचवली जात होती. आज ती विषारी मानली जाते. त्या साथीतील काही मृत्यू या औषधानेच झाले असावेत, असा तर्क कॅरेन स्टार्को यांनी २००९ साली मांडला.

१९१८चा धडा एवढाच. आधीचे संशोधन खरे असले तरी ते समोरच्या प्रश्नास लागू असेलच असे नाही. आणि लागू वाटणारे संशोधन खरे असेलच असेही नाही. या दोन चाळण्यांतून औषध जावयास हवे. त्या काळी अशा चाळण्या वापरण्यास ना मनुष्यबळ होते, ना उसंत.

एकाआड एक

चाळणीची कल्पना मात्र ठाऊक होती, आणि ती वऱ्हाडापासून फार दूरही नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत प्लेग ठाण मांडून बसला असता आर्थर रोड रुग्णालयाचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्यापुढे युरोपातील प्रयोगशाळांतून आलेली निरनिराळी सीरमे होती. प्रत्येकाचा जनक आपलेच सीरम गुणकारी असल्याचे सांगत होता. चोक्सींनी दाखल होणाऱ्या रुग्णांत एकास सीरम दिले, पुढच्यास दिले नाही. पुन्हा एकास दिले, पुढच्यास नाही. अशा रीतीने दोन्ही गट शक्य तितके सारखे राहतात. बरे झालेल्यांची संख्या मग सीरमविषयी काही सांगू शकते.

या रीतीची गरज काय, हे सामान्य वाचकास पटवणे कठीण नाही. रुग्णालयात आलेल्या शंभर जणांपैकी नव्वद जण कोणत्याही विशेष औषधाविना बरे होणार असतील, तर त्या शंभरांना जे औषध द्यावे ते नव्वदांच्या बाबतीत ‘गुणकारी’ ठरते. ते देणाऱ्या डॉक्टरास आपल्या डोळ्यांदेखत नव्वद माणसे घरी जाताना दिसतात. तो खोटे बोलत नसतो. त्याचा अनुभवच त्यास फसवत असतो. औषधाशिवाय किती बरे झाले असते, हे जोवर शेजारच्या खाटेवर दिसत नाही तोवर अनुभव आणि भ्रम यांत फरक करता येत नाही.

१९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ‘एकाआड एक’च्या जागी सोडत आली. कोणत्या रुग्णास औषध मिळेल हे आधीपासून कोणालाच ठाऊक नसावे, म्हणजे बरा होण्याजोगा रुग्ण मुद्दाम औषधाच्या गटात ढकलता येत नाही. पुढील सत्तर वर्षांचे वैद्यक या साध्या कल्पनेवर उभे राहिले.

थाळीतले औषध आणि देहातले औषध

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. साथीत नवे औषध शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच होय. म्हणून वैद्यक प्रथम जुन्या विहिरी पाहते. दुसऱ्या रोगासाठी सिद्ध झालेले, सुरक्षिततेची माहिती असलेले, कारखान्यात तयार होत असलेले औषध या रोगावर चालते काय? हा विचार शहाणपणाचा आहे. त्यात एकच खोच आहे : विहिरीत पाणी असल्याची खूण कोणती मानावी?

२०२०च्या मार्चमध्ये क्लोरोक्विन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांचे नाव पुढे आले ते काचेच्या थाळीतील पेशींवर झालेल्या प्रयोगांतून. थाळीत ते विषाणूची वाढ रोखत होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मार्चच्या चौथ्या आठवड्यात आरोग्यसेवक व बाधितांच्या घरची माणसे यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली. परंतु क्लोरोक्विनचा याआधीचा इतिहास ज्यास ठाऊक होता त्याने येथेच सावध व्हावयास हवे होते. थाळीत हे औषध कितीतरी विषाणूंना मारते. माणसात त्याचा अनुभव वारंवार निराळा आला होता.

या निराळ्या अनुभवाचा एक भाग महाराष्ट्राचा आहे. २००६ साली राज्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. अंग वाकवणाऱ्या त्या तापावर व सांधेदुखीवर क्लोरोक्विन सर्रास दिले जात होते. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकुनगुन्यानंतर सांधे धरलेल्या रुग्णांत सोडतीने दोन गट पाडून क्लोरोक्विनची तुलना मेलॉक्सिकॅम या साध्या वेदनाशामकाशी केली. क्लोरोक्विन सरस ठरले नाही. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच २००६ साली हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर झालेल्या चाचणीत तर क्लोरोक्विन घेतलेल्यांत पुढे सांधेदुखीची तक्रार अधिक आढळली. इन्फ्लुएन्झा टाळण्यासाठी सिंगापुरात घेतलेली चाचणीही २०११ साली निष्फळ ठरली होती. म्हणजे एका पारड्यात थाळी होती आणि दुसऱ्यात माणसांवरील अनेक चाचण्या. जगाने थाळीचे पारडे जड मानले. ५ जून २०२० रोजी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गट बंद केला. औषध घेतलेल्यांत २७ टक्के मृत्यू होते, न घेतलेल्यांत २५ टक्के.

आधीच्या संशोधनाचा आणखी एक दोष २००९च्या स्वाइन फ्लूने उघड केला होता. त्या साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि ओसेल्टामिविर हे नाव घरोघरी पोहोचले. सरकारांनी त्याचे साठे केले होते ते छापील निबंधांच्या आधारे. पण कंपनीजवळ न छापलेल्या चाचण्याही होत्या. कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांचे मूळ अहवाल मिळावेत म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४च्या एप्रिलमध्ये त्यांचा निष्कर्ष आला : प्रौढांत लक्षणांचा काळ सरासरी १६.८ तासांनी घटतो. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळते, यास पुरेसा पुरावा नाही. जे छापले जात नाही तेही निवडीत भाग घेते, हा धडा यातून मिळाला.

फेब्रुवारी २०२१ : काय ठाऊक होते

आता आपण अमरावतीस येऊ. २०२०च्या अखेरीस राज्यातील रुग्णसंख्या उतरली होती. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांत ती पुन्हा चढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी आली. अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ येथे निर्बंध लागले. ज्या संताने हाती खराटा घेऊन वऱ्हाडातील गावे झाडली त्या गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात तेव्हा कोविडच्या चाचण्या होत होत्या. विषाणूचे रूप बदलले आहे, अशी कुजबुज होती. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने आढळल्याचे सांगितले. याच कुळातील एका शाखेस पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

या क्षणी, म्हणजे लाट वऱ्हाडात चढत असता, औषधांविषयी काय ठाऊक होते याची यादी करणे उद्बोधक ठरेल.

डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडविषयी १६ जून २०२० पासून उत्तर ठाऊक होते. ‘रिकव्हरी’ चाचणीत कृत्रिम श्वसनावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना लाभ झाला नाही. तेथे आकड्यांचा कल उलटाच होता, १४ टक्क्यांवरून १७.८ कडे. या औषधाची निवडही सरळ नव्हती. सार्स व इन्फ्लुएन्झातील निरीक्षणांवरून स्टेरॉइड घातक वाटत होते आणि आरंभी जागतिक आरोग्य संघटनेने ते सरसकट देऊ नये असे सांगितले होते. निकामी होत चाललेल्या फुप्फुसांवरील काही चाचण्या मात्र अनुकूल होत्या. आधीचे संशोधन दुभंगलेले होते. अशा वेळी मतांची लढाई न करता तुलना करणे हाच मार्ग उरतो, आणि तो घेतला गेला.

रेमडेसिविरचा इतिहास याहून बोलका आहे. हे औषध कोविडपूर्वी इबोलावर आजमावले गेले होते. काँगोतील चाचणीत ते घेतलेल्यांपैकी ५३ टक्के दगावले. त्याच चाचणीतील दोन प्रतिपिंड-औषधांत हे प्रमाण ३३ ते ३५ टक्के होते. कोविडवरील अमेरिकी चाचणीत बरे होण्याचा मध्यम काळ १५ दिवसांवरून १० वर आला. मृत्यू घटल्याचे निश्चितपणे म्हणता आले नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले. ३० देशांतील ४०५ रुग्णालये तीत होती. भारतातील समन्वय पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. शीला गोडबोले यांच्याकडे होता. रेमडेसिविर घेतलेल्या २,७४३ जणांत ३०१ मृत्यू झाले. न घेतलेल्या २,७०८ जणांत ३०३. २० नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराविरुद्ध शिफारस केली.

रक्तद्रवाचे, ज्यास सर्वजण ‘प्लाझ्मा’ म्हणत, त्याचे उत्तर तर भारतानेच दिले होते. ‘प्लॅसिड’ चाचणीत २५ शहरांतील ३९ रुग्णालये व ४६४ रुग्ण होते. प्रकृती गंभीर होणे किंवा मृत्यू येणे हे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के होते, न मिळालेल्यांत १८. हा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला.

म्हणजे अमरावतीत टाळेबंदी लागली त्या दिवशी डेक्सामेथासोनचे उत्तर आठ महिने जुने होते, रेमडेसिविर व प्लाझ्मा यांचे चार महिने. विषाणू बदलल्याने ही उत्तरे निरर्थक झाली होती काय? येथेही आधीचे ज्ञान वाट दाखवत होते. विषाणूच्या एखाद्या खाचेस चिकटणारी औषधे विषाणू बदलला की निकामी होऊ शकतात. मे २०२१ मध्ये भारतात एका मात्रेस ५९,७५० रुपये भावाने आलेले प्रतिपिंडांचे मिश्रण त्याच वर्षअखेर आलेल्या ओमायक्रॉनपुढे निष्प्रभ ठरले. डेक्सामेथासोन विषाणूस शिवतच नाही. ते शरीराच्या बेफाम प्रतिक्रियेस आवरते. म्हणून विषाणूची रूपे बदलत गेली तरी ते टिकले. प्राणवायूचेही तसेच.

चिठ्ठी

एप्रिल आला आणि घडले ते सर्वांच्या स्मरणात आहे. रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी पडे आणि तो रेमडेसिविर शोधत एका शहरातून दुसऱ्या शहरात जाई. ११ एप्रिलला केंद्राने निर्यात थांबवली. १७ एप्रिलला कंपन्यांनी किमती उतरवल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे कुप्यांच्या वाटपाचा प्रश्न गेला. काळा बाजार बोकाळला. प्लाझ्मादात्यांसाठीचे संदेश फोनवरून फिरत राहिले. प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला तो १७ मे रोजी, आपल्याच देशाच्या चाचणीनंतर जवळजवळ सात महिन्यांनी.

याचा हिशेब वऱ्हाडी मापात करून पाहावा. रेमडेसिविरच्या पाच दिवसांच्या क्रमास सहा कुप्या लागत. किमती उतरण्यापूर्वी एका प्रमुख कंपनीची कुपी ५,४०० रुपयांस होती. म्हणजे ३२,४०० रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता. साडेपाच क्विंटल कापूस एका औषधासाठी, आणि तोही छापील किमतीत. उतरलेल्या भावातही कंपनीनुसार एका क्विंटलपासून साडेतीन क्विंटलपर्यंत. सरकारी रुग्णालयांत ते विनामूल्य मिळे हे खरे. पण खाजगी खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक दागिना मोडून, उसनवारी करून हे पैसे उभे करत. ज्या औषधाने मृत्यू टळल्याचा पुरावा मिळाला होता ते याच काळात मोजक्या रुपयांत कोणत्याही दुकानात उपलब्ध होते आणि त्याच्यासाठी कोणी रांग लावत नव्हते.

दोष कोणाचा? डॉक्टरांच्या लोभाचा, असे उत्तर सोपे आहे आणि ते अपुरे आहे. अठरा-अठरा तास राबणाऱ्या डॉक्टरास निबंध वाचण्यास सवड नव्हती. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रेमडेसिविर काही अटींसह उभेच होते. ते न लिहिता रुग्ण दगावला तर ‘तुम्ही काहीच केले नाही’ हा आरोप ठरलेला. ते लिहूनही दगावला तर ‘आम्ही सर्व काही केले’ हे समाधान उभयपक्षी. महाग व दुर्मीळ वस्तूस आपोआप गुण चिकटतात आणि दोन रुपयांच्या गोळीवर कोणाचा विश्वास बसत नाही. शिवाय शंभरांतील नव्वद बरे होतच होते. चोक्सींनी जो सापळा ओळखला होता, तो शंभर वर्षांनी जसाच्या तसा तेथे होता.

निराळे वागणे शक्य होते काय? होते. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतो. पलीकडे सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. तेथील डॉ. एस. पी. कलंत्री यांनी त्या दिवसांत पुराव्याविना दिल्या जाणाऱ्या औषधांविरुद्ध जाहीरपणे लिहिले व सांगितले. प्राणवायू, योग्य वेळी योग्य मात्रेत स्टेरॉइड आणि चांगली शुश्रूषा यांवर त्यांचा भर होता. त्यांच्याजवळ कोणतेही गुप्त ज्ञान नव्हते. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात बसूनही जे वाचता आले असते, तेच त्यांनी वाचले होते. फरक होता तो वाचलेले अंमलात आणणाऱ्या संस्थेच्या सवयीचा. अशी सवय साथीच्या महिन्यात लागत नाही. ती आधीच्या शांत वर्षांत लावून घ्यावी लागते.

निवड म्हणजे काय

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘स्वस्त ते चांगले, महाग ते वाईट’ असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. डेक्सामेथासोनचीच कथा पुढे पाहा. चाचणीने ते ज्यांना प्राणवायू लागतो त्यांना, रोज सहा मिलिग्रॅम, अधिकात अधिक दहा दिवस, असे सांगितले होते. दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड ताप येताच, घरीच, मोठ्या मात्रेत आणि लांबलचक दिले गेल्याची उदाहरणे ठिकठिकाणी घडली. मधुमेहाची साखर त्याने चढली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे व जबडे हिरावले. मे महिन्यात त्या रोगाची नोंद सक्तीची करावी लागली. औषध बरोबर होते. कोणास, केव्हा आणि किती, हे चुकले. रोगापेक्षा उपाय भयंकर ठरतो तो असा.

रेमडेसिविरच्या बाबतीतही शेवटचा शब्द नंतर आला. ‘सॉलिडॅरिटी’चे अंतिम निष्कर्ष मे २०२२ मध्ये निघाले. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांस लाभ नव्हता. केवळ प्राणवायूवर असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६.३ वरून १४.६ टक्क्यांवर आले होते. आजाराच्या आरंभी दिल्यास जोखमीच्या रुग्णांत रुग्णालयात जाणे टळते, असेही दुसऱ्या चाचणीत दिसले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस मर्यादित रुग्णांसाठी बदलली. शास्त्राने पलटी खाल्ली, असे यावर कोणी म्हणेल. आम्हांस ते शास्त्राचे बळ वाटते. आकडे वाढले तसे उत्तर बारीक झाले. तरीही एप्रिल २०२१ मध्ये अत्यवस्थ रुग्णाच्या मुलास ‘हे मिळाले तरच वडील वाचतील’ असे सांगण्यास आधार नव्हता; तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

आधीचे संशोधन साथीत आपणांस औषधांची नामावली देते. नामावली म्हणजे निवड नव्हे. निवडीसाठी त्या नावांना एकमेकांशेजारी उभे करावे लागते, आणि हे काम ज्या देशाने साध्या रुग्णालयांतून केले त्याचे उत्तर सर्वांआधी आले. ब्रिटनमध्ये डेक्सामेथासोनची चाचणी १७६ ठिकाणी झाली. त्यांत मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांबरोबर सामान्य गावांतली रुग्णालयेही होती. रुग्णाची नोंद करावयाची कागदपत्रे मुद्दाम थोडी ठेवली होती. भारतासही हे जमते, हे ‘प्लॅसिड’ने दाखवले. पण आपण चाचणी केली आणि तिचे उत्तर बाजूस ठेवले, ही अधिक खंत करण्याजोगी गोष्ट होय.

अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीस ते अगदी अलीकडे मिळाले. पुढची साथ येईल तेव्हा या दोन्ही ठिकाणी खाटा व प्राणवायूच्या टाक्या असाव्यात, ही अपेक्षा सर्वच करतील. आमची अपेक्षा थोडी अधिक आहे. नव्या औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ‘याची तुलना कोणी केली आहे काय?’ असे विचारणारा एक वर्ग तेथे असावा. तुलना झालेली नसेल, तर ती तेथल्याच खाटांवर, तेथल्याच माणसांच्या संमतीने सुरू करण्याची तयारी असावी. तुलना झालेली असेल, तर तिचे उत्तर जिल्ह्यातील प्रत्येक डॉक्टरापर्यंत एका पानात, मराठीत, दोन दिवसांत पोहोचवण्याची सोय असावी.

१९१८ साली पाटलाच्या वहीत ‘ताप’ एवढेच लिहिले जात होते, कारण त्याहून अधिक कोणास ठाऊकच नव्हते. ती पिढी अज्ञानाने हरली, आणि तिच्याकडे आपण करुणेने पाहू शकतो. २०२१ साली उत्तर उपलब्ध असता साडेपाच क्विंटल कापूस विकून जे विकत घेतले गेले, त्याविषयी पुढची पिढी आपणांस इतक्या सहजी क्षमा करील, असे आम्हांस वाटत नाही.